आजी गेली तेव्हा पोरीचा कागद यायचा होता

आमच्या घरात दरवर्षी विहारातून मिळालेली दिनदर्शिका भिंतीवर लागते. दुधाचा हिशेब, सिलिंडर कधी लावले, लाईटबिलाची शेवटची तारीख, सगळे तिच्यावरच लिहिलेले असते. वर्ष संपले की ती रद्दीत जाते. पण २०२२ सालची दिनदर्शिका आम्ही अजून जपून ठेवली आहे. तिच्यात नोव्हेंबरच्या १२ तारखेभोवती लाल पेनाने गोल केलेला आहे. त्या दिवशी आमच्या थोरल्या मुलीचा इंग्लंडमधला कामाचा परवाना संपणार होता आणि नवा परवाना आलेला नव्हता.

आम्ही वर्ध्यातले साधे कुटुंब. मुलीचे बाबा एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक, आई अंगणवाडीत मदतनीस. देवळी तालुक्यातल्या गावी बाबांची आई, म्हणजे मुलीची आजी, राहायची. आजीने जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केले, कापूस वेचला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेणाऱ्या लाखो लोकांत ती होती. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिला अक्षर वाचता येत नव्हते, पण कागदाची किंमत कळत होती. कोणताही सरकारी कागद आला की ती तो आधी कपाळाला लावायची आणि मग म्हणायची, "वाचून दाखव वं पोरी."

थोरली नर्सिंग शिकली. शिक्षणासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. नोकरी लागली, पण पगारात कर्जाचा हप्ता आणि घर दोन्ही भागत नव्हते. बरोबरच्या मुली इंग्लंडला जाऊ लागल्या, तेव्हा तिनेही ठरवले. आधी इंग्रजीची परीक्षा, मग तिथल्या नर्सिंग परिषदेची संगणकावरची परीक्षा, मग मुलाखत. रुग्णालयाने प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र पाठवले आणि त्याच्यावर तीन वर्षांचा व्हिसा मिळाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये आम्ही तिला मुंबईला सोडायला गेलो. तिथे पोचल्यावर आणखी एक परीक्षा होती, हाताने काम करून दाखवायची. ती पास झाली तेव्हा ती खरी नर्स म्हणून उभी राहिली. आणि लगेच कोरोना आला.

२०२० च्या उन्हाळ्यात दर गुरुवारी रात्री आठ वाजता तिथले लोक दारात येऊन आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत. तिने फोनवर आम्हाला तो आवाज ऐकवला होता. आजी म्हणाली, "टाळ्या चांगल्याच हाय, पण पोरीले जेवाले भेटते का?" आजीचा हिशेब असा सरळ असे.

एस.टी.चा संप झाला तेव्हा, म्हणजे २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत, घरात पगार नव्हता. त्या पाच-सहा महिन्यांत थोरलीच्या पैशावर चूल पेटली, धाकट्याची फी गेली आणि पतसंस्थेचा हप्ताही चुकला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण तिच्या परवान्याला धोका म्हणजे आमच्या सगळ्या घराला धोका होता.

परवाना वाढवण्याचा अर्ज तिने ऑक्टोबर २०२२ मध्येच केला. जुना परवाना संपायला तीन आठवडे बाकी होते. साधारण आठ आठवडे लागतात असे तिला सांगितले होते. म्हणजे जुन्याची तारीख उलटल्यावर काही दिवस मधे जाणार, हे आधीच दिसत होते. आम्ही घाबरलो. "मधल्या दिवसांत तू तिथे कशी राहशील? पोलीस नाही ना पकडणार?" असे आईने विचारले. थोरली हसली. म्हणाली, "आई, कायदा आहे. अर्ज वेळेत गेलाय."

तो कायदा नंतर आम्हालाही तोंडपाठ झाला. इंग्लंडच्या १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यात कलम ३ सी आहे. जुना परवाना जिवंत असताना नवा अर्ज केला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क आपोआप चालू राहतो. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. मात्र वेगळे कार्डही मिळत नाही. खरी अडचण तिथेच आली. हक्क कायद्याच्या पुस्तकात होता आणि तिच्या पर्समधल्या कार्डावर छापलेली तारीख संपलेली होती.

१२ नोव्हेंबर गेली. पुढच्या आठवड्याच्या ड्युटीच्या यादीत तिचे नाव नव्हते. कार्यालयात विचारले तर उत्तर आले, "तुमच्या कार्डाची मुदत संपली आहे. नवे कार्ड आणा, मग कामावर या." तिने अर्जाची पोच दाखवली. चालली नाही. ज्या वॉर्डात कोरोनाच्या काळात तिने लागोपाठ रात्रपाळ्या केल्या, त्याच वॉर्डात माणसे कमी असताना तिला घरी बसवले.

त्या दिवसांत ती फोनवर फार बोलत नव्हती. "जेवलीस का?" "हो." "काय केलं होतंस?" "भात." एवढेच. खोलीचे भाडे द्यायचे होते. आम्ही इकडून पैसे पाठवायचे म्हटले तर ती रागावली. शेवटी तिने आपल्या नर्सेसच्या संघटनेला फोन केला. संघटनेची वर्गणी दर महिन्याला पगारातून जायची आणि मुलीची आई पूर्वी म्हणायची, "कशाला फुकट पैसे घालवतेस?" आता त्याच संघटनेच्या प्रतिनिधीने कार्यालयाला कलम दाखवले. मालकाला खात्री करायची असेल तर त्यांच्या गृहखात्याची एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिस आहे. मालकाने तिथे विचारायचे. कर्मचाऱ्याचा हक्क चालू असेल तर गृहखाते तसे लेखी कळवते आणि ते पत्र सहा महिने चालते. हे काम कार्यालयाने पहिल्याच दिवशी करायला हवे होते. विचारणा केल्यावर काही दिवसांत होकाराचे पत्र आले. थोरली कामावर गेली. पण मधले नऊ दिवस तिच्या हक्काच्या रजेतून कापले गेले. त्याबद्दल ती पुढे भांडली नाही. परवान्याचा निर्णय लागेपर्यंत वाद नको, असे तिला वाटले. परक्या मुलखात कागद अडकलेला माणूस किती गोष्टी गिळतो, हे आम्हाला तेव्हा कळले.

बाबासाहेबांच्या शिक्षणाची हकीकत आम्ही मुलांना लहानपणापासून सांगत आलो, पण तिच्यातली एक गोष्ट आमच्या लक्षात नव्हती. धाकट्याने ती दाखवली. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण येण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे जमवून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. परवानगी होती म्हणून दार उघडे राहिले. धाकट्याने हे फोनवर बहिणीला सांगितले. ती म्हणाली, "माझं दार पण उघडंच आहे रे, फक्त मला उंबऱ्यावर उभं केलंय."

डिसेंबर संपला. आठ आठवडे कधीच उलटून गेले होते. निर्णय नव्हता. का नव्हता, ते कोणी सांगत नव्हते.

आता जे सांगायचे आहे, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

जानेवारी २०२३ मध्ये गावाकडे थंडी पडली आणि आजीला ताप आला. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरला नाही. दम लागायला लागला तेव्हा तिला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणले. निमोनिया होता. वय चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितले की, सगळे प्रयत्न करतो आहोत, पण नातेवाईकांना कळवा.

आम्ही सगळ्यांना कळवले. पुलगावच्या आत्याला, हिंगणघाटच्या काकाला, चंद्रपूरच्या मावशीला. थोरलीला कळवले नाही.

त्याचे कारण होते. अर्ज प्रलंबित असताना माणूस इंग्लंड सोडून बाहेर गेला, तर अर्ज मागे घेतला असे धरतात. मग इकडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, पुन्हा प्रमाणपत्र, पुन्हा पैसे, आणि तोवर नोकरी राहील की नाही याची खात्री नाही. शिवाय परवान्याची सलग पाच वर्षे मोडली, तर कायम राहण्याचा हक्कही लांबतो. आम्ही दोघे रुग्णालयाच्या आवारात झाडाखाली बसून बोललो. बाबा म्हणाले, "तिला सांगितलं तर ती रात्रीच्या विमानात बसेल." आई म्हणाली, "बसेलच. आजीच्या अंगाखांद्यावर वाढली ती." आणि आम्ही ठरवले की सांगायचे नाही.

सहा दिवस आम्ही खोटे बोललो. ती विचारायची, "आजी कुठंय?" आम्ही सांगायचो, "गावी आहे, फोनला रेंज नाही." एकदा म्हटले, "झोपली आहे." आजी खरेच झोपलेली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. शुद्धीत असायची तेव्हा तीही विचारायची, "पोरीचा कागद आला का वं?" सूनबाईने एकदा तिचे मन राखायला म्हटले, "आला, आई." आजीने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मंग कवा येते?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

सातव्या दिवशी पहाटे आजी गेली.

तेव्हा फोन करावाच लागला. तिकडे मध्यरात्र होऊन गेली होती. आम्ही पहिल्या वाक्यात सांगितले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने एकच विचारले, "किती दिवस आजारी होती?" बाबांनी खरे सांगितले. तिने फोन ठेवला.

अंत्यविधी गावी झाला. पाचव्या दिवशी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन ठेवले. अंगणात मांडव घातला होता, भन्तेजी आले होते. धाकट्याने फोन समोर धरला होता. थोरली पांढरी साडी नेसून, खोलीच्या भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मागे टेबलावर तिनेही मेणबत्ती लावली होती. सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटले, तिचे ओठ हलत होते. पंचशीलातले चौथे शील आले, खोटे न बोलण्याचे, तेव्हा तिने मान वर करून फोनमधून आमच्याकडे पाहिले. निदान आम्हाला तरी तसे वाटले. आम्ही दोघांनी नजर खाली घातली.

आठ दिवस ती आमच्याशी बोलली नाही. भावाशी बोलायची. मग एका रविवारी तिनेच फोन केला. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतं तर कदाचित मी आलेच नसते. संपाच्या वेळचे दिवस मलाही आठवतात. कर्ज माझ्याच शिक्षणाचं आहे. मी रडले असते आणि थांबले असते. पण थांबायचं की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतं. फोनवर तिचा चेहरा तरी पाहिला असता." बाबा म्हणाले, "चुकलं आमचं." आई रडत होती.

आम्ही तिला वाचवायला निघालो होतो. तिची नोकरी वाचली हे खरे. पण ती आता तीस वर्षांची कमावती बाई आहे, रोज दुसऱ्यांच्या आजीच्या उशाशी उभी राहते, मरणाऱ्यांच्या घरच्यांना खरी बातमी सांगते. तिलाच खरे सांगायची हिंमत आम्हाला झाली नाही.

फेब्रुवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात निर्णय आला. परवाना २०२६ पर्यंत वाढला. आजीला जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. फोनवर तिने सांगितले आणि आम्ही "बरं झालं" म्हटले. दुसरे काय म्हणणार?

एप्रिलमध्ये ती आली. रजा कापल्यामुळे मोजकेच दिवस होते. १४ एप्रिलची मिरवणूक बघायला थांबली, पण पहिल्या दिवशी गावी गेली. आजीच्या पेटीत तिला जुन्या लुगड्यांच्या गोधडीखाली एक पिशवी सापडली. पिशवीत तिने पहिल्या वर्षी पाठवलेल्या पत्राचा लिफाफा होता, त्यावरचा इंग्लंडचा स्टँप तसाच. वाचता येत नसताना आजीने तो जपला होता. थोरली तो बरोबर घेऊन गेली.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. नव्या कार्डावर परवाना २०२६ चा असूनही तारीख ३१ डिसेंबर २०२४ छापलेली होती. इंग्लंडने सगळी कार्डे बंद करून संगणकावरचा ई-व्हिसा आणायचे ठरवले होते, म्हणून अनेकांच्या कार्डांवर तीच तारीख होती. या वेळी ती आधीपासून सावध होती. ई-व्हिसाचे खाते वेळेत उघडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच वर्षे पुरी होत होती, तेव्हा कायम राहण्याचा अर्ज केला. त्याआधी 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा दिली, चोवीस प्रश्नांपैकी अठरा बरोबर यावे लागतात. अर्जाची फी २,८८५ पौंड, म्हणजे आपले तीन लाखांच्या वर. संघटनेच्या प्रतिनिधीला बरोबर घेऊन कार्यालयाला आधीच पत्र दिले. या वेळी एकही दिवस घरी बसावे लागले नाही. त्या काळातही तिला देश सोडता येणार नव्हता, म्हणून धाकट्याच्या लग्नाची तारीख आम्ही काढलीच नाही. मुलीकडच्यांना कारण सांगितले, त्यांनी समजून घेतले. जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी आली आणि मे महिन्यात लग्न झाले. थोरली हळदीला होती.

आता आमच्या वस्तीतली मुले-मुली बाहेर जायचे म्हणतात तेव्हा आमच्याकडे विचारायला येतात. आम्ही तज्ज्ञ नाही, पण अनुभवाचे चार शब्द सांगतो.

मुदत संपायची वाट पाहू नका. अर्ज जुना परवाना चालू असतानाच गेला पाहिजे. एक दिवस उशीर झाला तरी ते संरक्षण मिळत नाही. अर्जाची पोच, पगाराच्या पावत्या, जुने कार्ड यांच्या प्रती घरीही पाठवून ठेवा. मुदतीच्या तारखा घरच्यांना माहीत असू द्या. संघटनेचे सभासद व्हा, वर्गणी वाचवू नका. सल्ला घ्यायचा तर नोंदणी असलेल्या सल्लागाराकडूनच घ्या. इंग्लंडमध्ये त्यासाठी इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी आहे.

प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र विकत देतो म्हणणाऱ्या एजंटापासून दूर राहा. ३१ डिसेंबर २०२४ पासून त्या प्रमाणपत्राची फी मालकाने कामगाराकडून वसूल करायला तिथे बंदी आहे. मालकाचाच परवाना रद्द झाला, तर कामगाराला साधारण साठ दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो, आणि लाखो रुपये भरलेला मुलगा तिथे रस्त्यावर येतो. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेटवर नोंदणीकृत एजंटांची नावे असतात, ती आधी पाहा.

आणि नियम बदलत असतात. आजारी-वृद्धांच्या देखभालीच्या कामासाठी बाहेरून नवी माणसे घेणे इंग्लंडने २२ जुलै २०२५ पासून बंद केले. कायम राहण्यासाठीची पाच वर्षे दहा करावीत असा प्रस्ताव तिथल्या सरकारने मे २०२५ मध्ये मांडला. आमच्या मुलीचे निभावले म्हणून तुमचे त्याच वाटेने निभावेल असे समजू नका. निघण्याच्या दिवशी काय नियम आहे ते विचारूनच निघा.

हे झाले तिकडे जाणाऱ्यांसाठी. इकडे राहणाऱ्या आई-बापांसाठी एवढेच सांगणे आहे की, लेकरू दूर असेल आणि त्याचा कागद अडकला असेल, तर घरातले दुःख त्याच्यापासून लपवू नका. अडचण त्याला समजावून सांगा, आपले मत सांगा, आणि मग निर्णय त्याच्यावर सोडा.

यंदाच्या दिनदर्शिकेवर थोरलीची कोणतीच तारीख लाल केलेली नाही. एकच तारीख आम्ही पेनाने लिहिली आहे, जानेवारीत, आजीच्या पुण्यस्मरणाची. त्या दिवशी थोरली तिकडे मेणबत्ती लावते आणि आम्ही इकडे. फोन तीच करते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घरी सगळे कसे आहेत? खरं सांगा." आणि आम्ही खरे सांगतो. आईची शुगर किती आहे तेही सांगतो.

जयभीम.